शंभर टक्के उजेड

२ मार्च, रविवार. सकाळी ६.५०

आजपासून माशांची टाकी माझ्या ताब्यात.

लेक काल नोकरीच्या ट्रेनिंगला गेली. चार आठवडे. ३० तारखेला सकाळी परत, आणि त्यानंतर आठवड्याभरात कायमची दुसऱ्या शहरात. जाताना टाकीखालच्या कपाटाच्या दाराला आतून सूचनांचा कागद चिकटवून गेली. सहा कलमं. पहिलं: लाइट ४० टक्के, हात लावू नये. दुसरं: नवीन काहीही थेट टाकीत टाकू नये, तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवावं. सहावं: शंका आली तर आईला विचारावं.

सहावं कलम खोडलं.

अट ठरली आहे. ती येईपर्यंत टाकी धडधाकट राहिली तर टाकी कायम इथे, माझ्याकडे. नाहीतर ती घेऊन जाणार. ती शिकायला बाहेर होती तेव्हा रोज संध्याकाळी सातला फोन यायचा, माशांची चौकशी करायला. टाकी बायको बघायची, फोन मी उचलायचो. कामाची वाटणी चोख होती. टाकी गेली तर सात वाजता मी काय करायचं, हा प्रश्न इथे नोंदवत नाही.

चार्ज घेताना शिरगणती केली. नारिंगी-पांढऱ्या माशांची जोडी (वय सहा वर्षं, लेकीचा जीव की प्राण). लाल पट्ट्यांची सफाईवाली कोळंबी एक. गोगलगायी अकरा. शंखात राहणारे खेकडे दोन, हिरवा खेकडा एक. प्रवाळ नऊ. टाकी नव्वद बाय चाळीस बाय पंचेचाळीस. कागदावर १६२ लिटर. खडक वजा जाता १३८.

अठ्ठावीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय. कुणाकडे शिकलो नाही. १३८ लिटर पाणी सांभाळणं म्हणजे काही हत्ती पोसणं नव्हे.

३ मार्च, सोमवार. संध्या. ७.३०

चाळीस हा आकडा मला पहिल्यापासून खटकतो. प्रवाळ झाडासारखा दिसतो पण प्राणी असतो, आणि त्याचं पोट उजेडावर चालतं. चाळीस टक्के म्हणजे अर्धपोटी ठेवणं. लेक येईल तेव्हा प्रवाळ दुप्पट झालेले असतील आणि ती म्हणेल, बाबा, तू काय केलंस तरी काय!

लाइट ६० केला. निळा आणि पांढरा, दोन्ही.

फोन आला. सगळं फर्स्टक्लास सांगितलं.

४ मार्च, मंगळवार. रात्री ८

मासेवाल्याकडून एक नवा खडक आणला. साडेतीन किलो म्हणाला. माझ्या काट्यावर तीन किलो चारशे दहा. मासेवाला म्हणाला, भाऊ, खडकाला भोकं आहेत, भोकात कोण दडून बसलंय सांगता येत नाही, तीन आठवडे बादलीत ठेवा. मी त्याला म्हणालो, प्रत्येक भोकात टॉर्च मारून पाहीन. पाहिलं. दोन मिनिटं. कुणी नाही.

कलम दोनमध्ये ‘तीन आठवडे’ खोडून ‘दोन मिनिटं’ लिहिलं. खडक टाकीत.

जागा करायची म्हणून प्रवाळ नव्याने मांडले. लेकीने ते कसेही विखरून ठेवले होते. आता शाळेच्या फोटोसारखे: उंच मागे, बुटके पुढे, खांद्याला खांदा.

८ मार्च, शनिवार. सकाळी ७.१५

टाकीतून आवाज येतो. टक्. काचेवर नाणं आपटावं तसा. हीटर असावा.

गोगलगायी नऊ. दोन शंखांचे तुकडे तळाशी पडलेत. कडा धारदार. नोंद: नैसर्गिक मृत्यू.

बायको म्हणाली, नैसर्गिक मृत्यूत कुणाची कवटी फुटत नाही.

९ मार्च, रविवार. दुपारी १२

प्रवाळांचा रंग उजळतोय! चॉकलेटी होता तो बदामी झाला. बदामी होता तो साईसारखा. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, आजारी माणूसही गोराच दिसतो.

शाळेत शिकवणाऱ्यांची हीच अडचण. त्यांना फक्त पुस्तकातलं दिसतं.

लाइट ७५.

११ मार्च, मंगळवार. सकाळी ६.३०

खून. दुसरा शब्द नाही. शंखातल्या एका खेकड्याचे पाय तीन ठिकाणी सापडले, नांगी चौथ्या ठिकाणी, शंखाला बंदुकीची गोळी लागावी तसं भोक. गोगलगायी सहा.

संशयित: हिरवा खेकडा. पुरावा १: त्याला नांग्या आहेत. पुरावा २: घटनास्थळापासून अंतर फक्त चौदा सेंटिमीटर. पुरावा ३: मी पाहिल्यावर तो मागे सरला.

बायको म्हणाली, तुम्ही पाहिल्यावर मीही मागे सरते.

संध्या. ६.१०. चिमट्याने अटक. उकळत्या पाण्यात शिक्षेची अंमलबजावणी. पाय ताणले, मग आवळले, मग संपलं. मग चिमटा हातातून पडला. चिमटा जड आहे. घरात आता शांतता नांदेल.

१२ मार्च, बुधवार. सकाळी ६.३०

सफाईवाल्या कोळंबीच्या दोन मिशा तेवढ्या शिल्लक. बाकी काही नाही.

टक्. टक्.

हिरव्या खेकड्याला साथीदार असावा.

बायकोने विचारलं, की खेकडाच निर्दोष असावा? या दिशेने तपास करण्यात अर्थ नाही. शिक्षा झालेली आहे.

१५ मार्च, शनिवार. संध्या. ५

थिअरी तयार. गुन्हेगार उजेडाला घाबरतो, म्हणून दिसत नाही. उपाय: कोपरा न् कोपरा उजळून टाकायचा. लाइट ९०. प्रवाळही खूष, गुन्हेगारही उघडा. एका दगडात दोन पक्षी.

शिवाय बंदोबस्त म्हणून मासेवाल्याकडून एक काळानिळा, चौकोनी जबड्याचा मासा आणला. नाव ठेवलं फौजदार. मासेवाला म्हणाला, भाऊ, हा स्वभावाने वाईट आहे, कुणाशी पटत नाही त्याचं. म्हटलं, मला असाच पाहिजे.

१६ मार्च, रविवार. सकाळी १०

फौजदाराने रुजू होताच जोडीतल्या लहान माशाच्या शेपटीचा लचका तोडला. मी त्याला समज द्यायला पाण्यात हात घातला. मलाही चावला. डावा हात, करंगळी, जखम चार मिलिमीटर.

नव्या माणसाला कामाचा उत्साह असतोच.

उजेड डोळ्यांत जातो, पेपर तपासता येत नाहीत म्हणून बायकोने दिव्याच्या डाव्या टोकाला उत्तरपत्रिकांचा पुठ्ठा अडकवला. त्याने टाकीच्या डाव्या कोपऱ्यावर सावली पडते. मीटर लावून पाहिलं: त्या कोपऱ्यात उजेड निम्म्याहून कमी. तिथल्या दोन प्रवाळांचं नुकसान होतंय हे तिला आकड्यांनिशी पटवून दिलं. ती म्हणाली, होऊ दे त्यांचं नुकसान, माझे तेहतीस पेपर राहिलेत. जोडीही हल्ली त्याच कोपऱ्यात पडून असते. घरातल्या बाईचं ऐकून जलचरही बिघडतात.

१९ मार्च, बुधवार. सकाळी ७

प्रवाळांत यादवी. मागच्या रांगेतला लांब बोटांचा प्रवाळ रात्रीतून बोटं आणखी लांब करून शेजाऱ्याला भाजत होता. शेजाऱ्याचं मांस सुटून तपकिरी बेडक्यासारखं तरंगतंय, खाली पांढरा सांगाडा. त्या सांगाड्याच्या पलीकडच्याने या लांब बोटांच्याला दुसऱ्या बाजूने भाजलंय. वरवर पाहता फुलं. आत एकमेकांचे गळे धरलेले.

लेकीने ते अंतर राखून ठेवले होते त्याला कारण असू शकेल. असू शकेल, एवढंच.

लाइट १००. आता अर्ध्यावर थांबण्यात अर्थ नाही.

२२ मार्च, शनिवार. सकाळी ६.२०

फौजदार शहीद. मागचा अर्धा भाग सापडला.

आणि आज त्याला पाहिलं.

मी आणलेल्या खडकाच्या तिसऱ्या भोकातून आधी दोन डोळे आले. काड्यांवर बसवलेले, दोन्ही वेगवेगळ्या दिशांना फिरणारे. मग हिरवं-लाल अंग, माझ्या बोटाएवढं. शेवटच्या खेकड्यासमोर येऊन थांबला. मला हात हलल्याचंही दिसलं नाही. फक्त टक्. आणि शंखाच्या ठिकऱ्या. आणखी एक टक्, आणि खेकडा दोन भागांत. मग एकेक पाय उपटून, घाई न करता, आत नेला. शेवटी दारात येऊन त्याने तुकडे बाहेर ढकलले. जेवण झाल्यावर अंगण झाडावं तसे.

उजेड शंभर टक्के होता. तो अजिबात घाबरला नाही.

२३ मार्च, रविवार. सकाळी ११

मासेवाल्याला वर्णन सांगितलं. तो हसायलाच लागला. म्हणाला, भाऊ, ही एक जातीची कोळंबी आहे, पुढच्या पायांना मुठी असतात, ठोसे मारते. बोट सांभाळा. माझ्या ओळखीच्या एकाची काच फोडली होती. मी म्हटलं, ही आली कुठून? तो म्हणाला, खडकातून. बादलीत किती दिवस ठेवला होतात?

मी विषय बदलला.

नाव: पैलवान.

बायको म्हणाली, लेकीला आजच्या आज सांगा, तिला उपाय ठाऊक असेल. मी म्हटलं, सात दिवस आहेत. सात दिवसांत राज्यं उलथतात.

२५ मार्च, मंगळवार. संध्या. ७.४०

वेढा.

काल: भोकात लोखंडी सळई. पैलवानाने सळईला दोन ठोसे मारले. ते माझ्या कोपरापर्यंत पोचले.

आज: सोडा वॉटर. इंजेक्शनच्या सिरिंजने भोकात सोडलं. सोड्याने जीव गुदमरून बाहेर येतो असं वाचलं होतं. तो आला नाही. शेजारच्या भोकातून एक लांब किडा आला, तीस सेंटिमीटर, वळवळत. पैलवानाने दारातूनच त्याचे दोन केले. उरलेल्या गोगलगायींचा निकालही मधल्या काळात लागला.

लेकीने फोटो मागितला. प्रवाळ एवढे गोरे झालेत की फोटोत फुटलेल्या कपबशा वाटतात. मोबाइलमध्ये निळा रंग चढवून पाठवला. ती म्हणाली, बाबा, सगळं निळंच का दिसतंय? म्हणालो, संध्याकाळ आहे. हे खोटं नव्हे, संपादन आहे.

२६ मार्च, बुधवार. सकाळी ८

बाथरूममध्ये मोठा टब आहे, वर झाकण. आत काहीतरी बुडबुडतंय. बायको म्हणाली, कपडे भिजवलेत, हात लावू नका. कपडे बुडबुडत नाहीत, पण घरखात्यात मी ढवळाढवळ करत नाही.

२७ मार्च, गुरुवार. सकाळी ६.४५

जोडी दिसत नाही.

प्रत्येक खडकामागे पाहिलं. पंपात पाहिलं. टाकीमागे फरशीवर पाहिलं, उडी मारली असेल म्हणून. डाव्या कोपऱ्यातले दोन प्रवाळही जागेवर नाहीत. पैलवानाच्या दारात नारिंगी काहीतरी होतं. चिमट्याने काढलं. हीटरच्या वायरीची चिंधी निघाली.

लेक बारावीत होती तेव्हा तिने हे मासे आणले. प्लास्टिकच्या पिशवीत, बसमध्ये, दोन तास मांडीवर धरून. नखाएवढे होते.

संध्या. ७.१५. सातला फोन आला. तिने जोडी जेवली का विचारलं. मी म्हणालो, जेवली. मजेत आहे.

हे संपादन नव्हतं.

२९ मार्च, शनिवार. दुपारी ३

आज निर्णायक. उद्या ती येतेय. मासे तर परत येत नाहीत, निदान मारेकऱ्याचा मुडदा तिला दाखवीन.

योजना: (१) पैलवानाच्या भोकासमोर माशाचा तुकडा दोऱ्याला बांधून धरायचा. (२) तो पूर्ण बाहेर आला की डाव्या हाताने भोक बंद. (३) उजव्या हाताने चिमटा. (४) उकळतं पाणी तयार. वेळ: अकरा मिनिटं, फार तर.

२९ मार्च, शनिवार. संध्या. ६.३० (डाव्या हाताने लिहितोय)

तपशील क्रमाने.

३.४०. पैलवान बाहेर आला. योजनेप्रमाणे.

३.४१. भोक बंद केलं. योजनेप्रमाणे.

३.४१ आणि काही सेकंद. चिमटा घसरला म्हणून हाताने धरला. टक्. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध उभं फाटलं. हाड दिसलं असं मी म्हणणार नाही, पण पांढरं काहीतरी दिसलं. पाणी लाल झालं. टक्. तर्जनी.

मला एवढंच आठवतं की मी ओरडत होतो आणि माझ्या हातात दुकानातलं दोन किलोचं पितळी वजन होतं. प्रमाणित. ते मी त्याच्यावर हाणलं. तो बाजूला झाला. मी पुन्हा हाणलं. तो पुन्हा बाजूला झाला आणि काचेला टेकून, डोळे फिरवत, माझ्याकडे बघत उभा राहिला. मग मी सगळ्या ताकदीनिशी हाणलं.

काच फुटली. कुणी फोडली हा तपशील गौण आहे.

१३८ लिटर. एकदम. मी, खडक, सांगाडे, उत्तरपत्रिका, सगळे दारापर्यंत वाहत गेलो. पैलवान फरशीवर उताणा पडून पाय झाडत होता आणि त्या अवस्थेतही त्याने टेबलाच्या पायाला ठोसा मारला. मी वजन उचललं. बायकोने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, पुरे. आणि मोठं पातेलं त्याच्यावर पालथं घातलं.

४.१०. खालच्या मजल्यावरचे वकील वर आले. डोक्यावर ओली फाइल. त्यांनी विचारलं, अहो शेजारी, हा पाऊस कुणाचा? मी सांगितलं, एका कोळंबीने काच फोडली. ते म्हणाले, साक्षीदार आहे का कुणी? बायकोने हात वर केला.

वकील एकदा पितळी वजनाकडे आणि एकदा माझ्या अंगठ्याकडे बघून खाली गेले.

मी फरशीवर बसून होतो. म्हणालो, मी तिला काय तोंड दाखवू? जोडी गेली. बायको आत गेली आणि बाथरूममधून तो टब ओढत आणला. झाकण काढलं.

दोघंही होते. लहानाची शेपटी भरत आलेली. खाली डाव्या कोपऱ्यातले दोन प्रवाळ, चॉकलेटी, गच्च फुललेले. एक छोटा पंप बुडबुडत होता.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगितलं असतं तर टबावर लाइट लावला असतात.

चार टाके. अंगठ्याला तीन, तर्जनीला एक.

३० मार्च, रविवार. सकाळी ११

लेक आली. ओल्या भिंतीकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, टबाकडे पाहिलं आणि आधी आईच्या गळ्यात पडली. मग कपाट उघडून कागद वाचला. ‘दोन मिनिटं’ पाशी बराच वेळ थांबली. सहाव्या कलमापाशी त्याहून जास्त.

मी निवेदन तयार ठेवलं होतं, सात मुद्दे. तिने ऐकून घेतलं नाही. म्हणाली, बाबा, तू मला दुसऱ्या आठवड्यातच सांगितलं असतंस तर मी दहा मिनिटांत सांगितलं असतं काय करायचं. आणि फोनवर जोडी जेवली म्हणालास ना, ते मला जास्त लागलं.

मी निवेदन घडी करून खिशात ठेवलं.

मग, बायकोने टबातलं पाणी घालून पैलवानाला ज्यात ठेवला होता त्या पातेल्यात डोकावली आणि ओरडलीच. अरे बाबा, केवढा सुंदर आहे हा! लोक वर्षानुवर्षं शोधतात हा प्राणी! मी म्हटलं, याने सतरा खून केलेत. ती म्हणाली, सोळा. हिरवा खेकडा तुझा.

बायकोने तिला सगळं सांगितलेलं दिसतं.

५ एप्रिल, शनिवार. सकाळी ८

लेक गेली. जोडी आणि दोन्ही प्रवाळ बरोबर नेले. अट ती अट.

जाताना तिची जुनी छोटी टाकी, पंचवीस लिटरची, माझ्या टेबलावर लावून दिली. आत वाळू, एक खडक, तीन भोकं. रहिवासी एक. त्याच्या शेजारी दुसरं कुणी राहू शकत नाही, म्हणून हा इथेच, तुझ्याकडे, असं म्हणाली. नवा कागद चिकटवला आहे. कलम एकच: लाइट २०. शंका आली तर आईला विचारावं.

म्हणजे कलमं दोन होतात. पण मी दुरुस्ती केली नाही.

६ एप्रिल, रविवार. संध्या. ७.२५

६.५५ पासून टेबलाशी होतो. पैलवान दारात. आम्ही एकमेकांकडे बघत होतो. त्याचे डोळे वेगवेगळ्या दिशांना, माझे सरळ.

७.०० नाही. ७.०५ नाही.

७.०८ ला फोन आला. तिने विचारलं, पैलवान जेवला का? म्हणालो, जेवला. अर्धा शिंपला, सकाळी. दोन ठोसे. तिने विचारलं, नक्की? म्हणालो, नक्की. लाइट किती? वीस. नक्की वीस? नक्की.

म्हणाली, आईला दे.

बायकोने फोन घेतला, टाकीपाशी वाकून पाहिलं आणि म्हणाली, वीसवरच आहे गं. पण वर रुमाल टाकलाय यांनी.

फोन परत माझ्याकडे आला. लेकीने विचारलं, बाबा, रुमाल का?

मी म्हटलं, उजेड त्याच्या डोळ्यांत जातो.

पलीकडे बराच वेळ नुसतं हसू येत होतं. इकडे बायकोचं.

रुमाल चौपदरी आहे. हे कुणी विचारलं नाही.